पायगुणाचा पाहुणा

हंगेरीची हद्द संपून आमच्या देशाची सुरू होते तिथल्या रांगेत मिलादिनने आणखी एका गाडीला वाट दिली, तेव्हा माझा पारा चढला.

"घाल, अजून एकाला घाल मध्ये. मागे ती बस राहिली आहे, तिलाही बोलाव."

"त्यांच्याकडे तान्हं बाळ आहे, देसा."

"आपल्याकडे गावी म्हातारा बाप आहे."

त्याने त्या गाडीला हात केला. लग्न झाल्यापासून बघतेय, या माणसाला भांडता येत नाही. फरश्या बसवण्याचं काम करतो, आणि मन लावून करतो. पण तुम्ही त्याला काही बोला, की तो फरशीसारखा गप्प. मागच्या सीटवर आमची दुन्या कानात गाणी कोंबून बसली होती. ती व्हिएन्नात जन्मली, तिथेच कॉलेजात जाते, आणि आमच्या भांडणाला 'घरचा रेडिओ' म्हणते.

व्हिएन्नातले लोक सजवलेली झाडं रस्त्यावर फेकून मोकळे होतात, तेव्हा कुठे, जानेवारीत, आमचा जुन्या पंचांगाचा नाताळ येतो. मग आमची सगळी माणसं गाड्यांमध्ये पेट्या, कॉफीची पाकिटं, साबणाच्या पावडरी भरतात आणि एकाच दिवशी एकाच रस्त्याने गावाला निघतात. मी दरवर्षी या रांगेत बसते, दरवर्षी चिडते. पण यंदाची चीड वेगळी होती. यंदा घरी आई नव्हती. ऑक्टोबरात ती गेली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी बाबा रिवाजाप्रमाणे एकटेच ओकचा ओंडका चुलीत घालणार, एकटेच जमिनीवर पेंढा अंथरणार आणि उपासाच्या घेवड्याचं ताट पुढे घेऊन दाराकडे बघत बसणार, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. काळोख पडायच्या आत मला तिथे पोहोचायचं होतं. आणि माझ्या नवऱ्याला नेमकं पोहोचायचं नव्हतं.

घोडं कुठे पेंड खातंय ते मला ठाऊक होतं.

आमच्याकडे नाताळच्या सकाळी जो परका माणूस पहिल्यांदा उंबरा ओलांडतो, त्याचा पायगुण घराला वर्षभर लागतो. त्याने उजवा पाय आत टाकायचा, चुलीतली लाकडं फांदीने ढवळायची, ठिणग्या उडवायच्या आणि घराला मागणं मागायचं. वर्ष चांगलं गेलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच बोलावतात. वाईट गेलं, तर त्याला कुणी काही बोलत नाही. फक्त बोलावत नाही.

आमच्या घरी हा मान मिलादिनचा. जावई तसा परका नाही, पण घरातलाही नाही, म्हणून चालतो. दुन्या आणि मी बाबांकडे झोपायचो, आणि त्याला रात्री शेजारच्या यावोर्काच्या घरी पाठवायचे, म्हणजे सकाळी तो बाहेरून येऊ शकेल. "जावयाला थंडीत शेजारी झोपायला लावणारं आमचंच एक घर," असं म्हणत आई त्याच्या हातात उशी द्यायची. त्याच्या पायगुणाने गाय व्यायली, आलुबुखारच्या झाडांना फांद्या मोडतील इतकं फळ लागलं, बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, असं ती गावभर सांगत फिरायची. गेल्या वर्षीही मिलादिनच आला होता. आणि गेल्या वर्षीच ती गेली.

निघायच्या आदल्या आठवड्यात मी बाबांना फोन केला. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, सरळच विचारलं, "मिलादिनला यावोर्काकडे झोपायला सांगू ना?"

बाबा खोकले. मग म्हणाले, "यंदा मी कुणाला बोलावत नाही. तुम्ही या."

मी फोन ठेवला. बाबांचा राग आला, आणि मिलादिनला सांगायची लाज वाटली. तरी सांगितलं. तो भांडी पुसत होता. "बरोबर आहे त्यांचं," एवढंच म्हणाला, आणि तीच बशी पुसत राहिला.

तेव्हापासून या माणसाला उशीर करण्याचा रोग जडला. सकाळी निघायचं, तर टायरची हवा बघायची होती. हवा भरली, तर काचेचं पाणी संपलेलं. हंगेरीत दिसेल त्या पेट्रोल पंपावर कॉफी. एकदा तर टाकी भरलेली असताना पंपावर गाडी घेतली, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाला, "पाय आखडला."

"कुठला?"

"डावा."

"मग उजव्याने चालव."

दुन्याने कानातली गाणी काढली. "आई, बाबाला बोलू दे ना जरा."

"मी कुठे त्याचं तोंड धरलंय? बोलू दे की. दिवसभर वाट बघतेय."

मिलादिनने गाडी सुरू केली. एरवी तो गाडी चालवताना शीळ घालतो. त्या दिवशी नुसता डावा पाय हलवत होता. रांगेत उभं असताना हलवायचा, सिग्नलला हलवायचा, कॉफी पिताना टेबलाखाली हलवायचा. सगळं टेबल थरथरत होतं. मलाही सुचत नव्हतं. खिडकी उघडत होते, बंद करत होते. कोट काढला, घातला. आईची आठवण आली की मी मिलादिनवर खेकसायची. रडण्यापेक्षा ते सोपं होतं.

हद्द ओलांडली तेव्हा दिवस कलला होता. बेलग्रेडला वळसा घालून डोंगरांच्या रस्त्याला लागलो, तोवर बर्फ सुरू झालेला. झ्लाटिबोर डोंगराच्या चढावर पुढे लाल दिव्यांची माळ लागली. लाकडांचा ट्रक रस्त्यावर आडवा झाला होता. तासाभरात निघेल म्हणाले, मग म्हणाले पहाटे. मी बाबांना फोन लावला.

"रस्ता बंद आहे, बाबा. आज काही पोहोचत नाही आम्ही."

"बघा. सावकाश या," ते म्हणाले. पाठीमागे घरात कसलाच आवाज नव्हता.

"जेवलात का?"

"वाढून ठेवलंय."

मला विचारायचं धाडस झालं नाही की किती ताटं. फोन ठेवून मी मिलादिनकडे वळले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. कॉफ्या काढल्या, टायर काढले, पंप काढले. "मुद्दाम केलंस तू हे. तुला तोंड दाखवायचं नव्हतं, म्हणून माझ्या बापाला आजच्या दिवशी एकटं पाडलंस." त्याने मान खाली घातली. नाही म्हणाला नाही. त्यानंतर आम्ही तिघंही गाडीत पेंगत, कुडकुडत बसून राहिलो. त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

उजाडताना रस्ता खुला झाला. गावच्या वाटेवर आमच्या आधी कुणीही गेलं नव्हतं. चाकं कुरकुरत वर चढली. घर दिसलं. धुराड्यातून धूर निघत होता, तो बघून माझ्या जिवात जीव आला. फाटकापाशी मिलादिनने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"उतर ना."

"अंगण बघ," तो म्हणाला.

अंगणात फाटकापासून दारापर्यंत बर्फ जसाच्या तसा होता. एकही पाऊल नव्हतं. म्हणजे पहिला पाहुणा अजून आलाच नव्हता. आता जो उतरून आत जाईल, तोच यंदाच्या वर्षाचा.

"कुणीतरी येईलच," मिलादिन म्हणाला. "यावोर्काचा नवरा येईल. तो आत गेला, की मग आपण जाऊ."

"आणि तोवर?"

"तोवर बसू."

मी दार उघडायला हात घातला, आणि माझाच हात थांबला. मी आत गेले तर मी होणार. पोटची मुलगी पहिल्या पाहुण्यासारखी आत शिरल्याचं आमच्या गावात कुणी ऐकलेलं नाही. त्यातून मी काळ्या कपड्यांत. मी हात मागे घेतला. व्हिएन्नाच्या दवाखान्यात इतकी वर्षं चादरी धुतल्या, चार भाषांत भांडायला शिकले, पण त्या अंगणात पाय टाकायची माझी छाती झाली नाही.

"मला बाथरूमला जायचंय," दुन्या म्हणाली.

"थांब."

"कशासाठी?"

"पहिला पाहुणा येऊ दे."

"तो कधी येणार?"

"माहीत नाही."

"मग मीच होते. मी परकीच आहे, माझा पासपोर्टसुद्धा परका आहे. ठिणग्या उडवते आणि थेट बाथरूममध्ये जाते."

"गप बस गं."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा हलला. काचेमागे बाबा उभे होते. ते आमच्याकडे बघत होते, आम्ही त्यांच्याकडे बघत होतो. मी हात केला. त्यांनीही केला. मग ते आत गेले, धुराड्यातून दाट धूर आला, आणि ते पुन्हा खिडकीत येऊन उभे राहिले. चूल पेटती ठेवत होते.

"आजोबा बाहेर का येत नाहीत?" दुन्याने विचारलं.

"पहिला पाहुणा येईपर्यंत घरच्या माणसाने उंबरा ओलांडायचा नसतो."

"म्हणजे ते आत अडकलेत आणि आपण बाहेर." तिने डोकं काचेला टेकलं. "कुणीतरी या कुटुंबाला डॉक्टरकडे न्या."

एरवी मी हसले असते. पण मिलादिनचा पाय पुन्हा सुरू झाला होता, आणि सगळी गाडी हलत होती.

"बंद कर तो पाय!"

पाय थांबला. त्याने समोर बघतच सांगितलं, "गेल्या वर्षी मी डावा टाकला होता."

"काय?"

"पायरीवर बर्फ होता. उजवा उचलला आणि घसरलो. पडायचं नाही म्हणून डावा टेकला. तो आत टेकला, देसा. उंबऱ्याच्या आत. मग पटकन मागे घेतला आणि उजवा टाकला. कुणी बघितलं नाही असं वाटलं मला." त्याने गुडघ्यावर हात दाबून धरला. "क्लच दाबला की आठवतं. वर्षभर दाबतोय."

डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. आईचं हृदय वाढलेलं होतं, ते दुखणं जुनं होतं, त्याला कुणाचा इलाज नव्हता. हे मला पाठ होतं. हे मी सगळ्यांना सांगत होते. पण खरं सांगते, त्या क्षणी मी खाली वाकून त्याच्या डाव्या बुटाकडे बघितलं. आणि मी बघितलं हे त्याने बघितलं.

एवढं वाईट मला आईला माती देतानाही वाटलं नव्हतं.

"मूर्ख माणसा," मी म्हणाले. दुसरा शब्द सापडला नाही. त्याच्या गुडघ्यावरचा हात मी माझ्या हातात घेतला, तो बर्फासारखा गार होता.

मिलादिनचा फोन वाजला. पडद्यावर बाबांचं नाव होतं. खिडकीत बाबा कानाला फोन लावून उभे होते. मिलादिनने घाबरून बटण दाबलं, आणि बाबांचा आवाज गाडीभर झाला.

"कुठवर आलात?"

"इथेच आहोत, बाबा."

"इथे म्हणजे कुठे?"

"फाटकापाशी."

"ते मला दिसतंय. डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालंय. मी विचारतोय, पुढे कधी येणार?"

मिलादिनने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही ज्यांना बोलावलंय ते आधी येऊन जाऊ देत."

"मी कुणाला बोलावलं नाही. देसाला सांगितलं होतं तसं."

"हो. म्हणूनच तर..."

मग बाबा सावकाश म्हणाले, "ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घरातून वर्षभर बोलावणं जात नाही. नाताळला नाही, लग्नाला नाही, कशालाच नाही. ज्याला यायचं तो आपण होऊन येतो. हे तुझ्या बायकोला माहीत नाही? कुणाची मुलगी आहे ती?"

"तुमचीच, बाबा."

"तिला म्हणावं, व्हिएन्नात चादरींबरोबर डोकंही धुतलं वाटतं."

मी तोंडावर हात ठेवला. माहीत होतं. आजोबा गेले त्या वर्षी आईनेच मला सांगितलं होतं, मी लहान असताना, याच स्वयंपाकघरात. सुतकात बोलावणं नसतं. पार विसरले होते मी, आणि विसरलेलं घेऊन आठवडाभर नवऱ्याला आणि बापाला, दोघांनाही मनातल्या मनात भाजत होते.

"यावोर्का विचारायला आली होती, नवऱ्याला पाठवू का म्हणून," बाबा फोनवर सांगत होते. "मी म्हणालो, नको, आमचा रस्त्यात आहे. आता येतोस, की चुलीत खुर्ची घालू? लाकडं संपत आली."

मिलादिन उतरला. त्याने कोटाची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला आणि अंगणातून चालू लागला. आम्ही दोघी त्याच्या पावलांच्या ठशांत पावलं टाकत मागून गेलो. बाबांनी दार उघडलं. दाढी केलेली, काळा शर्ट, आणि हातात आईची गव्हाची चाळणी. पहिल्या पाहुण्यावर गहू फेकायचं काम तिचं होतं.

मिलादिन पायरीवर उभा राहिला. उजवा पाय किंचित उचलला, ठेवला. पायरी तपासली. पुन्हा उचलला. त्याच्या मानेवर घाम दिसत होता, त्या थंडीत.

"कवायत कसली करतोस?" बाबा म्हणाले. "ऊब जातेय सगळी."

त्याने उजवा पाय आत ठेवला, मग डावा. "ख्रिस्त जन्मला."

"खरोखर जन्मला," बाबा म्हणाले आणि मूठभर गहू त्याच्या अंगावर फेकले. आई हलकेच उधळायची; बाबांनी अंगणातली कोंबडी हाकलावी तसे मारले. निम्मे त्याच्या डोळ्यांत गेले. दुन्या आम्हाला ढकलून बाथरूमकडे पळाली.

आत पेंढ्याचा आणि ओल्या ओकच्या धुराचा वास होता. टेबलावर रात्रीची ताटं तशीच होती. घेवडा आणि सुके आलुबुखार, चार ताटं, त्यांवर उलट्या बश्या. मिलादिनने फांदी घेतली आणि चुलीपुढे गुडघ्यावर बसून लाकडं ढवळली. ठिणग्या वर उडाल्या.

"जितक्या ठिणग्या, तितकी धान्याची पोती," तो म्हणाला. "तितकी फळं, तितकी कोकरं, तितकं..."

पुढचा शब्द 'आरोग्य'. तो त्याच्या तोंडून निघेना. त्याने फांदी खाली ठेवली. "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. गेल्या वर्षी या उंबऱ्यावर..."

"आधी मागणं पुरं कर. अर्धं मागणं कुणालाच पोहोचत नाही."

"आरोग्य," मिलादिन म्हणाला. अगदी बारीक आवाजात.

बाबांनी मान हलवली. त्यांनी त्याला तिपाईवर बसवलं, खांद्यावर जाड घोंगडी टाकली, वर्षभर दुधावर साय तेवढीच जाड यावी म्हणून. गाय त्यांनी नोव्हेंबरातच विकली होती, तरी टाकली. मग ते आईच्या खोलीत गेले. कपाटाचं दार कुरकुरलं. पहिल्या पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवायचं नसतं. आई दरवर्षी त्याला लोकरीचे मोजे द्यायची, आणि यंदा आपण काही आणायला हवं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

बाबा बाहेर आले. त्यांच्या हातात करड्या लोकरीचे मोजे होते, नवे, दोरीने एकत्र बांधलेले.

"उन्हाळ्यातच विणून ठेवले तिने. अंगणात बसून. मी म्हटलं, इतक्या लवकर कशाला?" त्यांनी दोरी सोडली. "तर हसायला लागली. गेल्या वर्षी दाराआड चाळणी घेऊन तीच उभी होती ना. म्हणाली, बिचारा गोंधळला हो, डावाच टाकला आधी, आणि चोरासारखा मागे घेतला. खबरदार त्याला बोललात तर, पुढच्या वर्षी लाजेने यायचा नाही."

हाताने विणलेल्या मोज्यांना उजवं-डावं नसतं. पण त्यातल्या एका मोज्याच्या बोटांपाशी तिने लाल धागा ओवला होता, लांबूनही दिसेल असा.

"लाल तो उजवा," बाबा म्हणाले. "म्हणजे पुन्हा गोंधळ नको."

मी भिंतीला टेकून रडले. त्यानिमित्ताने वर्षाचं सगळं रडून घेतलं. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मिलादिनने बूट काढले आणि दोन्ही मोजे मांडीवर घेऊन बसला. लाल धाग्यावरून अंगठा फिरवत राहिला. त्याची मान खाली होती, आणि घोंगडीवर टपटप पाणी पडत होतं. बऱ्याच वेळाने त्याने लाल धाग्याचा मोजा उचलला, पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"देसा," तो म्हणाला, "यातला उजवा पाय कुठला गं?"